डीकनला उत्तर द्यायचं नाही

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

व्हर्नेल गेली. अमरिलोला, बहिणीकडे. इमोजीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणे, दोन आठवडे मदत लागेल. जाताना बायकोनं शिलाई मशीन, हिवाळ्याचा कोट आणि तिच्या आईचा फ्रेममधला फोटो नेला. दोन आठवडे म्हटले तरी माणसाला विरंगुळा हवाच.

आणि माझ्या उरावर काय ठेवून गेली? प्रेअरी डॉग. नाव कुत्र्याचं, जात खारीची, सवयी उंदराच्या. मे महिन्यात शेजारच्या कापसाच्या शेतात बिळं उपसायला पंपाचा ट्रक आला होता. बिळात नळी घालायची आणि आतली सगळी पलटण ओढून टाकीत. त्या ट्रकवाल्यानं टाकीतलं एक पिल्लू हिच्या ओंजळीत ठेवलं आणि ही विरघळली. तीन महिने स्वेटरच्या खिशात वाढवलं. चर्चमधल्या सेवकासारखं पोटावर हात जुळवून उभं राहतं म्हणून नाव ठेवलं डीकन. आमच्या चर्चचा डीकन गेली अठरा वर्षं मी आहे. नाव ठेवताना मला कोणी विचारलं नाही.

शिवाय मी काउंटीच्या प्रेअरी डॉग निर्मूलन कमिटीचा बावीस वर्षं अध्यक्ष. विषारी दाण्यांच्या पिशव्या माझ्या सहीनं वाटल्या जातात. आणि माझ्याच स्वयंपाकघरात हे ध्यान, उघड्या दाराच्या पिंजऱ्यात, गवताच्या गादीवर. बाहेर कळलं तर शोभा.

फ्रीजवर यादी लावून गेली आहे. अकरा कलमं. गवत सतत भरलेलं हवं, गोड द्यायचं नाही, वायरी उचलून ठेवायच्या, १५ तारखेला डॉक्टर, वगैरे. पहिल्या कलमाखाली दोन रेघा: ‘तो यिप करेल तेव्हा उत्तर दे.’

यिप म्हणजे काय, तर हा प्राणी अचानक मागच्या पायांवर उभा राहतो, दोन्ही हात आभाळाकडे फेकतो, मान मागे टाकतो आणि ‘वी-यिप!’ असं किंचाळतो. जोर जास्त झाला तर उताणा पडतो. आणि मग व्हर्नेल, वय वर्षं चौसष्ट, संधिवात असलेली बाई, हातातलं लाटणं टाकून दोन्ही हात वर करते आणि तीही ‘वी-यिप!’ दिवसातून पन्नास वेळा. मी पेपरच्या आड बसतो.

निश्चय: उत्तर द्यायचं नाही. दोन आठवड्यांत याला शिस्त लावायची.

रविवार, ६ ऑक्टोबर

यिप: काल ३१, आज ४४. उत्तरं: शून्य. शिस्त लागते आहे.

शी! किती हगावं एखाद्यानं! मुठीएवढ्या शरीरातून निघावं तसं निघत नाही, पोत्यातून निघावं तसं निघतं. आरामखुर्चीचा दांडा कुरतडला. खुर्ची आता मागे पडते पण पुढे येत नाही. सकाळी तिच्यातून कुशीवर लोळून उतरलो.

सोमवार, ७ ऑक्टोबर

व्हर्नेलचा फोन. मला वाटलं, कसा आहेस विचारेल. विचारलं, तू त्याला उत्तर देतोस ना? मी म्हणालो, देतो की. तेवढं चालतं. मग म्हणाली, फोन पिंजऱ्याजवळ धर. धरला. तिनं अमरिलोहून यिप केलं आणि हा इतक्या जोरात उडाला की पाण्याच्या भांड्यात पडला. दहा मिनिटं दोघांचं चाललं होतं. मी फोन धरून उभा, दुकानातल्या पुतळ्यासारखा. मला पिकअपच्या ब्रेकबद्दल सांगायचं होतं, पण तिनं ठेवला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

सकाळी कमिटीची मीटिंग. यंदा दाणे लवकर टाकायचे असा ठराव मी मांडला, टाळ्या मिळाल्या. सही करायला खिशातून पेन काढलं तर बरोबर गवताची काडी आणि दोन लेंड्या. डॉईल हट्टो शेजारीच बसला होता. हा माझा चाळीस वर्षांचा मित्र, आणि गावातलं सगळ्यात मोठं तोंड. अंगठ्यावरची पट्टी बघून म्हणाला, काय रे ऑर्व्हल, बायको चावली का? मी म्हणालो, काटेरी तार. तो म्हणाला, तारेला दात कधी आले?

चोराच्या मनात चांदणं. घरी येऊन सगळे शर्ट झटकले.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

डॉक्टरचा दिवस. डीकनला खच्ची करायचं आहे. हिवाळ्याच्या तोंडाला नर माजावर येतो, त्याआधी उरकायचं, असं यादीत लिहिलं आहे. पण जनावरांचा दवाखाना नेमका कॉफीच्या हॉटेलसमोर. सकाळी दहाला गावातल्या सगळ्या पिकअप तिथे उभ्या. त्या सगळ्यांच्या देखत मी, निर्मूलन कमिटीचा अध्यक्ष, मांडीवर टोपली घेऊन, टोपलीत हा?

शिवाय मी आयुष्यात वीस हजार वासरं खच्ची केली. एकानंही आधी वेळ घेतली नव्हती. इतकं काही अडत नसतं.

गेलो नाही. व्हर्नेलला संध्याकाळी सांगितलं, झालं. ती म्हणाली, बिचारा, दुखतंय का रे त्याला? मी म्हणालो, थोडं. ती म्हणाली, जवळ बस जरा त्याच्या. बसतो म्हणालो.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

दोन आठवडे संपले. फोन केला. इमोजीननं घेतला. जिन्यावरून धाडधाड धावत आल्यासारखा आवाज आला. म्हणाली, व्हर्नेल एवढ्यात येत नाही, आता दुसऱ्या गुडघ्याचं आहे. बायकांच्या गुडघ्यांचं मला कधीच कळलेलं नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

डोकं चालवलं. काल व्हर्नेल फोनवर यिप करत असताना जुन्या टेपरेकॉर्डरवर तिचा आवाज घेतला. आता हा ओरडला की मी पेपर न सोडता बटण दाबतो. ‘वी-यिप!’ हा खुलला, नाचला, पोटभर गवत खाल्लं. माणसानं माणसासारखं राहावं, उत्तरं द्यायला यंत्रं आहेत. व्हर्नेलला हे पूर्वीच सुचवायला हवं होतं.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

फसलं. मी बटण वेळेवर दाबत नाही अशी याची तक्रार दिसते. मध्ये दोनदा डुलकी लागली होती. आज टेप वाजली की हा पाठ फिरवून बसतो. दुपारी टेपरेकॉर्डर ओढत नेऊन गवतात पुरला. वरून त्यावर... नको, लिहीत नाही. किळस आली.

शनिवार, २ नोव्हेंबर

याच्यात सैतान शिरला आहे.

सकाळी गवत घालायला गेलो तर शेपटी बाटलीच्या ब्रशसारखी फुललेली, दात कटकट वाजवतोय, आणि वास! मेलेला स्कंक, तो घाण वासाचा प्राणी, लोणच्यात घातल्यासारखा. हात आत घातला नाही तोवर बाहीला लटकला. झटकला तर खाली पडून बुटावर आला. टेबलावर चढलो. वय सदुसष्ट, चर्चचा डीकन, कमिटीचा अध्यक्ष, आणि टेबलावर उभा. खाली दीड किलोचा उंदीर येरझाऱ्या घालतोय. पाऊण तासानं त्याला सिंकखाली काहीतरी कुरतडायला मिळालं तेव्हा उतरलो.

हाच तो माज. यादीत कलम सात. डॉक्टर लोक घाबरवतात असं वाटलं होतं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

स्वयंपाकघर त्याचं. उरलेलं घर माझं. तात्पुरती व्यवस्था.

वेल्डिंगचे हातमोजे आणि रबरी बूट घालून फ्रीजपर्यंत जातो. थंड बीन्स डब्यातूनच, धुण्याच्या मशीनला टेकून खातो. हे आज पिकअपमध्ये बसून लिहितोय. वारा सुटला आहे, पण वास नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. यंदाच आलेली पोरगी, डॉक्टर बायेसा. हुशारीनं विचारलं. म्हणालो, माझ्या एका मित्राकडे प्रेअरी डॉग आहे. ती म्हणाली, मिस्टर टीग, तुम्ही पंधरा तारखेला आला नाहीत. मी म्हणालो, मित्राबद्दल बोलतोय मी. ती म्हणाली, मग मित्राला सांगा, आता माज उतरेपर्यंत ऑपरेशन नाही, जानेवारीनंतर या.

मग विचारलं, खातो का? म्हणालो, भरपूर. (चार दिवस गवत तसंच आहे.) ती म्हणाली, त्याला उत्तर देता का? आता हिलाही तेच! मी म्हणालो, मी कामाचा माणूस आहे. तर तिनं माझी शाळाच घेतली. म्हणे, रानात एकानं यिप केलं की सगळे करतात. तो गाण्याचा प्रकार नाही, ती चौकशी असते. जागे आहात ना? लक्ष आहे ना? शेजारून उत्तर आलं की तो निर्धास्त खाली मान घालून चरतो. नाही आलं तर त्याला वाटतं आपण एकटेच, मग तो खात नाही, नुसता उभा राहून बघत बसतो. आणि शेवटी विचारायचंही सोडतो. ते वाईट, म्हणाली.

पदवी मिळाली की जनावरांच्या मनातलं कळतं वाटतं. मी या जनावरांना चाळीस वर्षं ओळखतो. अर्थात दाणे टाकल्यावर.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

यिप: शून्य. अखेर शिस्त लागली! दीड महिन्याची मेहनत.

वासही कमी झाला आहे. दात वाजवत नाही. व्हर्नेलची घरात घालायची निळी सपात दाराजवळ पडली आहे, तिच्यात अंग घालून दाराकडे तोंड करून बसतो. स्वयंपाकघरात गेलो, रबरी बूट न घालता. बघितलंही नाही. रताळ्याचा तुकडा पुढे केला. नाही. कलम तीन मोडून पीकनचा सुका मेवा घातलेल्या गोड पाईचं टोक दिलं. नाही. वजन केलं, पिठाच्या काट्यावर. दीड किलो कसलं, एक किलोही भरत नाही.

घर छान शांत आहे. रेफ्रिजरेटरचा आवाज येतो.

बुधवार, १३ नोव्हेंबर

व्हर्नेलचा फोन. त्याच्याजवळ धर म्हणाली. धरला. तिनं यिप केलं. तो हलला नाही. तिनं पुन्हा केलं. पुन्हा. 

मग म्हणाली, ऑर्व्हल, तू एकदा तरी त्याला उत्तर दिलंस का?

मी म्हणालो, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.

ती म्हणाली, शनिवारी येते.

येते! शब्दशः. मला खात्री होतीच. पुढच्या आठवड्यानंतर थँक्सगिव्हिंग आहे, टर्कीशिवाय ही राहील कुठली! यादी: केस कापणे. स्वयंपाकघर ब्लीचनं धुणे. आरामखुर्चीवर चादर टाकणे. पिकअपच्या ब्रेकबद्दल सांगणे. आणि या मेल्याला शनिवारपर्यंत तिला बघून समाधान वाटेल इतपत गुटगुटीत करणे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळ: खात नाही. डॉक्टरला फोन. ती म्हणाली, मी येऊन बघते, पण औषध तुमच्याकडेच आहे मिस्टर टीग. मी म्हणालो, मित्राकडे. ती म्हणाली, बरं, मित्राकडे.

दुपार: पडदे लावले. दाराला कडी घातली. एकदा सगळं करून टाकावं म्हटलं. शनिवारचा प्रश्न आहे. जमिनीवर गुडघे टेकले, दोन्ही हात वर फेकले आणि म्हणालो, यिप. आवाज पंक्चर टायरसारखा निघाला. खांदा भरला. डीकननं एक डोळा उघडला आणि मिटला. इतकी तुच्छता मला आजवर सासऱ्यानंही दाखवली नव्हती.

दहा वेळा केलं. वीस. कपाळावर घाम. चाळिसाव्याला घसा मोकळा झाला, खणखणीत निघाला, ‘वी-यिप!’ आणि मी तोल जाऊन उताणा पडलो. छताकडे बघत पडलो होतो तर शेजारून बारीक, किडकिडीत आवाज आला. ‘...यिप.’

उठून बसलो. तो सपातेतून बाहेर आला होता. मी केलं. त्यानं केलं. मी केलं. त्यानं केलं, आणि वळून गवताची एक काडी तोंडात घेतली. दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे बघत, चर्र चर्र चावली. मला काही झालं नाही. ब्लीचमुळे डोळ्यांत पाणी येतं.

तेवढ्यात लक्षात आलं की सिंकवरच्या खिडकीला पडदाच नाही. तिथे डॉईल हट्टोचं डोकं. खड्डे घ्यायचं ड्रिल मागायला आला होता. हात दाखवून अवलक्षण ते हेच, आणि माझे तर दोन्ही हात वर होते. काचेतून ओरडून म्हणाला, नवीन चर्च काढलंस का रे, ऑर्व्हल? मग त्याला टेबलाखाली चर्र चर्र दिसलं. तोंड उघडंच राहिलं. ड्रिल न घेताच गेला, गावात सांगायला उशीर होत असणार.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

कॉफीच्या हॉटेलात शिरलो. चौदा माणसं टेबलांमागे उभी, चौदांचे हात वर. ‘वी-यिप!’ हॉटेलवाल्या बाईसकट.

कॉफी न पिता आलो. अध्यक्षपदाचा राजीनामा पोस्टात टाकला. प्रकृतीचं कारण. बावीस वर्षं पुरे झाली, आता घरात लक्ष घालायचं आहे.

कारण खरी गोष्ट ही की मामला मिटला आहे. डीकननं आज तीन मुठी गवत खाल्लं. यिप: ५२. उत्तरं: ५२. एकही चुकलं नाही. आंघोळ करतानाही न्हाणीघरातून दिलं. हे तंत्र एकदा हातात आलं की सोपं आहे, उगाच बाऊ केला होता सगळ्यांनी. उद्या व्हर्नेल येऊन बघेल. काही बोलणार नाही मी, ती स्वतःच बघेल.

ब्रिस्केटचं मांस पहाटेपासून भट्टीत आहे. दोघांना दोन दिवस पुरेल.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आली. इमोजीननं गाडी चालवत आणलं. दोन्ही गुडघ्यांवर उड्या मारत उतरली ती बया.

व्हर्नेलनं दार उघडलं मात्र, डीकननं आभाळात उडी घेतली. हिनं हात वर केले. मीही केले. तिघांनी एकदम केलं. इमोजीन म्हणाली, अरे देवा. मग व्हर्नेल खाली बसली, डीकननं तिच्या ओठांना दात लावले. ही जनावरं घरच्या माणसाला तशीच ओळखतात. एरवी मला ते बघवत नाही.

मी म्हणालो, बघितलंस? मी उत्तर देतो आता. बावन्न वेळा, काल.

ती म्हणाली, ठाऊक आहे, डॉईलच्या बायकोनं फोन केला होता. आणि हसली. फार दिवसांनी हसताना बघितलं. मला वाटलं, आता कोट काढून खुंटीला लावेल. म्हणून मी म्हणालो, ब्रिस्केट आहे.

तेव्हा इमोजीननं गाडीतून प्रवासाची पेटी आणली. जाळीच्या दाराची, प्राण्यांची.

व्हर्नेल रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो, मला ते जमतं. ती रागावली नव्हती. गवत पिशवीत भरत म्हणाली, एक्केचाळीस वर्षं ऑर्व्हल, रोज सकाळी मी तुला विचारायचे, झोप लागली का रे? तू पेपर थोडा वर करायचास. यालाही दीड महिना तू तेच केलंस आणि हा मरायला टेकला. मी काय खारीपेक्षा चिवट आहे म्हणून टिकले. मला वाटलं होतं, याच्याशी बोलायला शिकलास तर... तर बघू. पण तुला ते दोन दिवसांपूर्वी सुचलं, मी येते म्हटल्यावर.

मी म्हणालो, पिकअपचे ब्रेक खराब झाले आहेत.

तिनं पिशवीला गाठ मारली. म्हणाली, करून घे रे दुरुस्त. जपून चालव.

डीकन स्वतःहून पेटीत गेला. तिनं निळी सपात उचलली, एकच होती. दुसरी कुठे आहे विचारलं नाही. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. इमोजीननं ब्रिस्केटचा मोठा तुकडा फॉइलमध्ये बांधून नेला, मीच दिला.

गाडी फाटकातून बाहेर पडून कापसाच्या शेताला वळसा घालत होती तेव्हा मी पायऱ्यांवर उभा होतो. दोन्ही हात वर करून एकदा दिलं, घसा फाडून. वाऱ्याची दिशा उलटी होती. काचाही वर होत्या त्यांच्या.

रविवार, १७ नोव्हेंबर

चर्चला गेलो नाही. थोडी सर्दी.

घर स्वच्छ. वास नाही, लेंड्या नाहीत, वायरी जमिनीवर सोडल्या तरी चालतात. आरामखुर्चीत पडून पेपर पूर्ण वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकाही व्यत्ययाशिवाय. हेच तर मला हवं होतं.

थँक्सगिव्हिंगला अकरा दिवस आहेत. इमोजीनला टर्की करता येत नाही, दरवर्षी कोरडी होते. व्हर्नेलला ते चार दिवसांत कळेल. फ्रीजवरची यादी काढलेली नाही, परत लावायचा त्रास नको.

दुपारी सिंकजवळ उभा होतो. सहज, घसा बसला नाही ना बघायला, एकदा केलं. हात पूर्ण वर करून.

थांबलो.

नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.